विहुएलाची अंकलिपी आणि नवशिका वाचक

युरोपीय संगीताच्या इतिहासलेखनात तंतुवाद्यांच्या अंकलिपीस, म्हणजेच टॅब्लेचरला, स्वररेषांवरील लेखनपद्धतीइतकी प्रतिष्ठा लाभली नाही. अल्पशिक्षितांची सोय म्हणूनच तिच्याकडे बहुधा पाहिले गेले. या मतास आधार नाही असे नाही. पेत्रुच्चीने १५०७ मध्ये व्हेनिस येथे स्पिनाचीनोच्या ल्यूटरचना छापल्या, तेव्हा गायन न जाणणाऱ्यांसाठी वाचनाचे नियम आरंभी जोडले होते. तथापि १५३६ मध्ये व्हालेन्सिया येथे निघालेला लुईस मिलान याचा ‘एल मायेस्त्रो’ हा ग्रंथ पाहता हे मत अपुरे ठरते.

विहुएला ही गिटारची निकटची आप्त. तिच्या सहा जोडतारांसाठी सहा रेषा. रेषेवरील अंक म्हणजे बोट ठेवावयाचा पडदा. शून्य म्हणजे मोकळी तार. आणि वर कालमानाच्या खुणा. भातखंडे यांच्या स्वरलिपीत स्वराचे नाव लिहिले जाते. येथे बोटाचे स्थान लिहिले जाते. पहिली तार सोसेल तितकी चढवावी, असे मिलान सांगतो. अर्थात या लिपीत निरपेक्ष स्वरोच्चता अभिप्रेतच नाही.

इटालियन पद्धतीत सर्वांत उंच स्वराची तार तळाच्या रेषेवर येते; वाद्य हाती धरले असता तारांचा क्रम तोच दिसतो. मिलानने मात्र ती वरच्या रेषेवर घेतली. आजचा गिटारचा विद्यार्थी हाच क्रम प्रथम शिकतो. मिलानने सोप्या रचना आधी व कठीण नंतर दिल्या, गतीविषयी सूचना केल्या आणि गीतांतील गायकाचे स्वर तांबड्या अंकांनी दाखविले. एवढी काळजी केवळ पळवाट शोधणाऱ्या वाचकासाठी घेतली गेली असेल, हे संभवत नाही.

या लिपीची उणीवही स्पष्ट आहे. पुढील आघात केव्हा करावयाचा हे ती सांगते. परंतु एकाच वेळी चालणाऱ्या स्वरपंक्तींपैकी कोणता स्वर किती काळ टिकवावा, हे सांगत नाही. आधुनिक संपादक स्वररेषांवर लिप्यंतर करतो तेव्हा ही उणीव तो स्वतःच्या तर्काने भरून काढतो. उलट, एकच स्वर अनेक तारांवर निघू शकत असता वादकाने कोणती तार निवडली, हा मूळचा पुरावा अशा लिप्यंतरात लोपतो. म्हणून नवशिक्यासाठी रचलेली ही लिपी अभ्यासकानेही नवशिक्याप्रमाणेच, वाद्य हाती घेऊन वाचणे इष्ट होय.