देवळालीचा ताप

इंग्रजीत ‘डूलॅली’ असा एक शब्द आहे. ‘तो डूलॅली झालाय’ म्हणजे त्याचे डोके फिरले आहे, तो भ्रमिष्टासारखा वागतो आहे. इंग्लंडात आजही हा शब्द घरोघर चालतो. विसरभोळ्या आजोबांना लावतात, बिघडलेल्या धुलाईयंत्रालाही लावतात. बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की हे एका गावाचे नाव आहे, आणि ते गाव मुंबईहून रेल्वेने जाताना नाशिकरोडच्या अलीकडे लागते. डूलॅली म्हणजे आपली देवळाली.

शब्दांच्या व्युत्पत्त्या सांगणाऱ्या गोष्टींवर माझा सहजासहजी विश्वास बसत नाही. ‘पॉश’ या शब्दाची गोष्ट वाचकांनी ऐकली असेल. विलायतेहून मुंबईला येताना जहाजाच्या डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली सावलीची. श्रीमंत उतारू तीच मागून घेत आणि त्यांच्या तिकिटांवर त्या अर्थाची चार आद्याक्षरे उमटत, असे सांगतात. गोष्ट मोठी गोड, पण तसे एकही तिकीट कोणाला सापडलेले नाही. शब्द छापलेला दिसतो तो १९१४च्या सुमारास, आणि ही गोष्ट पुढे येते १९३५ साली. एवढ्या उशिरा जन्मलेली आई मान्य करणे कठीण आहे.

देवळालीचे तसे नाही. इथे जागा आहे, काळ आहे आणि शब्द वापरणारी माणसेही आहेत.

१८५७नंतर हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेची संख्या वाढून ६०,०००च्या पुढे गेली. १८६५ साली कसाऱ्याचा घाट चढून रेल्वे इगतपुरीला पोचली. मुंबई बंदरापासून सुमारे १८० किलोमीटरवर, कोरड्या आणि थंड हवेची देवळाली मग फौजेच्या मुक्कामासाठी सोयीची झाली. जहाजातून उतरलेल्या पलटणी इथे विसावून पुढे जात आणि नोकरी संपलेले शिपाई मायदेशी जाण्यासाठी इथे गोळा होत. १८७०च्या कायद्याने शिपायाची प्रत्यक्ष फौजेतली मुदत बरीच कमी केली, सुरुवातीला ती साधारण सहा वर्षांची झाली. साहजिकच दरवर्षी सुटणाऱ्यांचे आणि नव्याने येणाऱ्यांचे लोंढे वाढले.

जहाजे मात्र बारमाही नव्हती. पावसाळ्यातला अरबी समुद्र आणि उन्हाळ्यातला तांबडा समुद्र टाळून फौजेची ने-आण पावसाळा संपल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत चाले. ज्याची मुदत अवेळी संपली त्याने थांबायचे. फ्रँक रिचर्ड्‌स नावाच्या एका साध्या शिपायाने हिंदुस्थानातल्या आपल्या नोकरीच्या आठवणी १९३६ साली पुस्तकरूपाने छापल्या, त्यांत या थांबण्याचे वर्णन आहे. काम जवळजवळ नाही, पुढे जाण्याची तारीख हातात नाही, असे महिनेच्या महिने. वर्षानुवर्षे एकही डाग न लागलेली माणसे इथे येऊन बिघडत, कोणी तुरुंगात जाई, कोणाला बाजारातला रोग जडे, आणि काहींचे डोके चाले ना. अशा माणसाला सोबती म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय.

यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. हिंदुस्थानीत तो फारसीतून ‘तप’ म्हणून आलेला, संस्कृत ‘ताप’ त्याचाच भाऊबंद. म्हणजे अख्खा शब्दप्रयोग ‘देवळालीचा ताप’ असा होतो. शिपायांच्या बोलींचा एक कोश १९२५ साली निघाला, त्यात तो नोंदलेला आहे. इंग्रजीत मात्र ‘टॅप’ म्हणजे टिचकी. डोक्यावर टिचकी बसली, असा नवा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात सहज तयार झाला असणार. पुढे ते शेपूटही गळले आणि नुसती देवळाली उरली. तिचा ‘ळ’ तर पहिल्याच दिवशी गेला असेल. तो उच्चारणे साहेबाच्या जिभेला कधी जमले नाही.

देवळालीत वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा शब्द आला, असेही सांगितले जाते. मला हा तर्क अनावश्यक वाटतो. आपणही ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला जागा रिकामी आहे’ म्हणतो, कारण तिथे खरोखरच मनोरुग्णालये आहेत. त्या सवयीने देवळालीतही एक इस्पितळ कल्पावे असे वाटते. पण रिचर्ड्‌सचे वर्णन वाचल्यावर त्याची गरज राहत नाही. बरी माणसे इथे येऊन बिघडत. गाव आजाराचे कारण म्हणून कोशात गेले आहे, आजाऱ्याचा पत्ता म्हणून नव्हे.

त्याच शिपायांनी दुसरा एक शब्द नेला, ‘ब्लाइटी’. मूळ अरबी ‘विलायत’, म्हणजे प्रांत, सुभा. हिंदुस्थानीत विलायती, बिलायती म्हणजे परदेशी. आपली विलायती चिंच त्याच घरातली. गोऱ्या शिपायाने बिलायतीचे ब्लाइटी केले आणि तो त्याला मायदेश म्हणू लागला. आपल्याच देशाला परक्यांनी दिलेले नाव आपण जिव्हाळ्याने उचलावे, याला इंग्रजीत फारशी जोड नसेल. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत ज्या जखमेमुळे माणूस मरत नाही पण घरी पाठवला जातो, तिला ‘ब्लाइटी’ म्हणत आणि ती मिळावी अशी इच्छा करत. देवळालीच्या बराकीत बसलेला शिपाई ज्या ब्लाइटीची वाट पाहत असे, तीच ही.

१९७४ साली बीबीसीने देवळालीच्या छावणीवर एक विनोदी मालिका सुरू केली, ‘इट एन्ट हाफ हॉट मम’. ती १९८१पर्यंत चालली. त्या छावणीत माणसे कशाने बिघडत, हे तोवर विस्मरणात गेले होते आणि हसू तेवढे शिल्लक होते. आपल्याकडे मात्र देवळाली म्हटले की चांगली हवा आठवते. क्षयाच्या रोग्यांना, दुबळ्या मुलांना मुंबईहून इथे आणत, पारशी आणि गुजराती समाजांची आरोग्यभुवने इथे उभी राहिली. एकाच माळावर एकजण हवा खाऊन बरा होत होता आणि दुसरा वाट पाहून खचत होता.

इंग्रजी कोश हा शब्द आता लहान अक्षराने सुरू करतात, म्हणजे ते विशेषनाम राहिलेले नाही. देवनागरीत हा भेद दाखवताच येत नाही. देवळालीच्या स्थानकावर रेल्वे रोमन लिपीत गावाच्या नावात ‘व्ही’ घालते, लष्कर आणि कटकमंडळ त्याच जागी ‘ओ’ लिहितात आणि कोशांत त्याच जागी दोन ‘ओ’ आहेत.