आधी वाहिनी, मग विधिमंडळ

वेल्समधील सार्वजनिक प्रसारणाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्याने आधी दोन तारखा ध्यानात घ्याव्यात. वेल्श भाषेची एस-फोर-सी ही वाहिनी १ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झाली; राजधानी कार्डिफमध्ये वेल्सची निवडून आलेली पहिली विधानसभा बसली ती १९९९ साली. स्वतःचे सरकार मिळण्याआधीच वेल्सला स्वतःचा पडदा मिळाला होता. या विषयातले कळीचे प्रश्न मला याच क्रमात दिसतात.

वाहिनी सहजासहजी मिळाली नाही. त्याआधी वेल्श कार्यक्रम बीबीसी आणि एचटीव्ही या व्यावसायिक वाहिनीवर सवडीच्या वेळी दाखवले जात. वेल्श बोलणाऱ्यांना ते अपुरे वाटत, न बोलणाऱ्यांना अडचणीचे. दक्षिण वेल्समध्ये अनेक घरांनी छपरावरचा अँटेना समुद्रखाडीपलीकडे, इंग्लंडमधल्या मेंडिप प्रक्षेपकाकडे वळवला होता. वेल्श कार्यक्रम टळले खरे, पण त्यांच्याबरोबर वेल्सच्या इंग्रजी बातम्याही गेल्या आणि त्या घरांत ब्रिस्टलच्या बातम्या येऊ लागल्या. १९७९च्या मार्चमध्ये मतदारांनी वेल्सला स्वतःची विधानसभा देण्याचा प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला. त्याच वर्षी वेल्श वाहिनीचे आश्वासन देऊन हुजूर पक्ष सत्तेवर आला आणि काही महिन्यांतच त्याने शब्द फिरवला. अनेकांनी दूरचित्रवाणीचे परवानाशुल्क भरायचे नाकारले. माजी खासदार ग्विनफोर इव्हान्स यांनी आमरण उपोषण जाहीर केले. सप्टेंबर १९८०मध्ये सरकार नमले. विधानसभा नाकारणारा समाज वाहिनीसाठी इतका का पेटून उठला, हा प्रश्न अजूनही नव्या अभ्यासकाची वाट पाहतो आहे.

आज वेल्समधले आरोग्य आणि शिक्षण कार्डिफच्या हाती आहे, प्रसारण मात्र लंडनच्याच. आपल्याकडेही आरोग्य राज्यसूचीत आणि प्रसारण संघसूचीत असल्याने मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. तिचा परिणाम पाहायचा तर ३१ ऑक्टोबर २०२०ची संध्याकाळ घ्यावी. पंतप्रधान जॉन्सन यांनी ५ नोव्हेंबरपासूनची करोना टाळेबंदी दूरचित्रवाणीवरून जाहीर केली. ती फक्त इंग्लंडपुरती होती. वेल्समध्ये तेव्हा वेगळी, सतरा दिवसांची टाळेबंदी चालू होती आणि ती ९ नोव्हेंबरला उठणार होती. पडद्यावर ऐकलेला नियम आपल्याला लागू आहे की नाही, हे प्रेक्षकाला सांगणे हे सार्वजनिक प्रसारकाचे पहिले काम. मध्यवर्ती बातम्या त्यात कमी पडतात, असे प्राध्यापक अँथनी किंग यांनी बीबीसी ट्रस्टसाठी केलेल्या पाहणीत २००८ सालीच दाखवून दिले होते.

आजवरच्या अभ्यासाचा ओढा एस-फोर-सीकडे राहिला, आणि ते समजण्याजोगे आहे: भाषेचा प्रश्न जिवाचा होता. पण २०२१च्या जनगणनेत वेल्श येते असे सांगणारे १७.८ टक्के होते. उरलेल्यांना त्यांच्या देशाविषयी इंग्रजीतून काय मिळते, याकडे मला वाटते फार कमी लक्ष गेले. त्यांच्यासाठी स्वतंत्र वाहिनी नाही. बीबीसी वेल्स, रेडिओ वेल्स आणि आयटीव्हीच्या बातमीपत्रांवरच त्यांची भिस्त. आबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात या साऱ्यांचा प्रसारणसंग्रह आता खुला आहे. नव्या अभ्यासकाने तिथे जावे आणि १९९९च्या आगेमागची संध्याकाळची इंग्रजी बातमीपत्रे आधी मागून घ्यावीत.