शिक्का बदलताना

नाशिकरोडच्या माणसाला ‘प्रेस’ म्हटले की वर्तमानपत्र आठवत नाही. आमच्याकडे प्रेस म्हणजे नोटांची आणि तिकिटांची. माझ्या लहानपणी पाळी सुटायच्या वेळी जेल रोडला सायकलींची रीघ लागे. शेजारचे काका प्रेसमध्ये होते. एकदा मी त्यांना विचारले, ‘‘काका, तुम्ही दिवसभर नोटा मोजता?’’ ते म्हणाले, ‘‘मोजतो. पण चांगल्या कागदापेक्षा बिघडलेल्या कागदाचा हिशेब जास्त कडक असतो रे.’’ तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. तो कळायला मला संगणकाच्या नोकरीत वीस वर्षे घालवावी लागली.

आज मला बोलायचे आहे ते शिक्का बदलण्याविषयी. शिक्का करणे हे कौशल्याचे काम आहेच. पण चालू व्यवहार न थांबवता जुना शिक्का काढून नवा आणणे हे त्याहून अवघड. आणि हे काम आपल्याकडे फार जुने आहे.

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो. मराठेशाहीच्या कागदात शिक्का वरच्या बाजूला असे आणि मोर्तब मजकुराच्या शेवटी. मोर्तबीचा अर्थ असा, की मजकूर इथे संपला. याखाली कोणी ओळ घुसडली तर ती खोटी. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचे आणि पेशव्यांचे अशी दोन्ही नावे असत. त्यामुळे दोहोंपैकी एक बदलले तरी शिक्का नवा करावा लागे. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले आणि रामराजे गादीवर आले. पेशवा तोच राहिला, तरी आधीच्या छत्रपतींच्या नावाचा शिक्का पुढे चालणार नव्हता. मात्र जुन्या शिक्क्याच्या सनदा एका रात्रीत रद्दी झाल्या नाहीत. नव्या धन्याकडून त्या पुन्हा करार करून घेण्याची चाल होती. म्हणजे नवे कागद नव्या शिक्क्याने, पण जुन्या कागदांनाही मान. हे सूत्र ध्यानात ठेवा.

आता नाशिकरोडकडे येऊ. १९२५ पर्यंत हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनहून छापून येत. त्या साली इथे सिक्युरिटी प्रेस सुरू झाली. १९२८ मध्ये शेजारी नोटांचा छापखाना आला आणि पाच रुपयांची नोट इथे छापली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी दहा रुपयांच्या नोटेची उत्तम नक्कल केली. तेव्हा नोटेतले जलचिन्ह बदलले. सहाव्या जॉर्जचा एका बाजूने दिसणारा चेहरा जाऊन समोरून दिसणारा आला. त्याच राजाच्या नोटांत आपल्याकडे पहिल्यांदा सुरक्षा धागाही आला. गुपित फुटले की गुपित बदलायचे, एवढा साधा नियम.

अलीकडच्या दोन बदलांची तुलना करून पाहण्यासारखी आहे. २२ जानेवारी २०१४ रोजी रिझर्व्ह बँकेने जाहीर केले, की २००५ पूर्वीच्या नोटा परत घेणार. ओळखायची खूण सोपी होती. मागच्या बाजूला खाली छपाईचे साल नसेल तर ती जुनी. मुदत अनेकदा वाढवली. ती ३० जून २०१६ पर्यंत गेली. या काळात दोन्ही नोटा चालत होत्या. किती जणांना हा बदल आठवतो? फार थोड्यांना. कारण कोणाचे काही अडले नाही.

दुसरा बदल मात्र सर्वांना आठवतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या. चलनातल्या रकमेचा सुमारे ८६ टक्के भाग त्या नोटांत होता. नव्या पाचशेच्या नोटा छापण्यासाठी आमच्या नाशिकरोडला आणि देवासला रात्रंदिवस काम चालले. पण छपाई हीच एक अडचण नव्हती. नव्या नोटांचा आकार वेगळा, आणि गावोगावच्या एटीएम यंत्रांना तो माहीत नव्हता. प्रत्येक यंत्राजवळ माणूस जाऊन फेरफार करीपर्यंत ते नवी नोट देऊ शकत नव्हते. त्या निर्णयाच्या हेतूची चर्चा इथे करत नाही. शिक्का बदलण्याच्या दृष्टीने एवढेच म्हणतो, की जुने आधी काढले आणि नवे नंतर पोचले.

नेमकी हीच चूक, अगदी लहान प्रमाणात, माझ्या हातून झाली.

नाशिकमधल्या एका संस्थेत मी सर्व्हर सांभाळत होतो. कांदा विकलेल्या शेतकऱ्यांचे पैसे त्यांच्या खात्यात जमा करण्याचे काम आमच्या यंत्रणेतून होई. ते थांबू नये म्हणून चार सर्व्हर ठेवले होते. एक बंद पडला तरी बाकीचे तीन काम ओढत. प्रत्येक सर्व्हरवर एक सुरक्षा प्रमाणपत्र असते. तो संगणकाचा शिक्काच समजा. ‘मी तोच आहे’ हे समोरच्याला पटवणारा, आणि ठरलेल्या तारखेला मुदत संपणारा. त्यामागे एक गुप्त किल्ली असते. ती फक्त मालकाकडे.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी नवे प्रमाणपत्र बसवले. तीन सर्व्हरवर बसवले आणि चौथ्यावर बसवायचे राहिले. मी तपासले तेव्हा तपासणी नव्या तीनपैकी एकावर गेली आणि मी निश्चिंत घरी आलो. मध्यरात्री जुन्याची मुदत संपली. सकाळी फोन सुरू झाले. चारातली एक विनंती नाकारली जात होती. चौघांवर काम वाटून देणारी यंत्रणा फक्त दार उघडे आहे की नाही एवढेच बघत होती. दारातल्या माणसाचा शिक्का जुना आहे हे ती बघतच नव्हती. त्यामुळे तिने चौथ्याला बाजूला केले नाही. सगळेच बंद पडले असते तर दहा मिनिटांत कळले असते. चतुर्थांश बंद, म्हणून दुपार झाली. तोवर काहींचे पैसे अडकले होते. एक म्हातारे गृहस्थ हातात काटापट्टी घेऊन दारात उभे होते. ते रागावले नाहीत. ‘‘शेजाऱ्याचे आले, माझे का नाही?’’ एवढेच त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर मी या विषयाकडे इतिहास म्हणून पाहू लागलो. मोठी माणसेही इथे अडखळली आहेत. इंटरनेटच्या पत्त्यांच्या मुळाशी असलेली किल्ली ११ ऑक्टोबर २०१७ रोजी पहिल्यांदाच बदलायची होती. पण काही यंत्रांकडे नवी किल्ली पोचलीच नसल्याचे दिसले, तेव्हा बदल वर्षभर पुढे ढकलला आणि ११ ऑक्टोबर २०१८ ला केला. थांबण्यात कमीपणा नाही, हे त्यातून मी शिकलो.

आणि उत्तम पद्धत पुन्हा आमच्याच नाशिकरोडला सापडली. आपल्या पारपत्राच्या कोऱ्या पुस्तिका इथे छापल्या जातात. चिप असलेले पहिले ई-पारपत्र २००८ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना दिले गेले. सर्वसामान्यांसाठी त्याचा प्रयोग २०२४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. चिपमधल्या माहितीवर एका किल्लीने सही होते, आणि त्या किल्लीवर देशाच्या मुख्य किल्लीची सही असते. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, की मुख्य किल्ली सहीसाठी तीन ते पाच वर्षेच वापरा. पारपत्र तर दहा वर्षे चालते. म्हणून सही नव्या किल्लीने सुरू झाली, तरी जुनीची ओळख पटवणारे प्रमाणपत्र शेवटचे पारपत्र संपेपर्यंत जपून ठेवतात. शिवाय जुन्या किल्लीनेच नवीची ओळख करून देणारा एक दुवा तयार करतात. रामराजांच्या काळातल्या सूत्राहून हे वेगळे नाही. आधी तपासणाऱ्या सर्वांना नव्याची ओळख द्या. मग काही काळ दोन्ही चालू द्या. मग जुन्याने सही करणे थांबवा. आणि शेवटी जुने नष्ट करा.

ही शेवटची पायरी आपण विसरतो. तेलगी प्रकरण नाशिककर विसरणार नाहीत. प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रे लिलावातून त्याच्या हाती लागली आणि बनावट मुद्रांक छापायला वापरली गेली, हे तपासात पुढे आले. २००१ मध्ये तो पकडला गेला. पुढे शिक्षाही झाली. प्रेसच्या हिशेबात ती यंत्रे संपली होती. पण कागदावर संपलेली वस्तू प्रत्यक्षात जिवंत होती.

माझ्या त्या चुकीनंतर आम्ही सगळ्या यंत्रांची यादी केली. तेव्हा अडगळीच्या खोलीत पाचवा सर्व्हर सापडला. वर्षभर बंद, आणि पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याकडे जायचा होता. उघडून पाहिले तर त्यात गुप्त किल्ली तशीच. आणि मी दरवर्षी प्रमाणपत्र नवे घेत होतो, पण किल्ली तीच ठेवत होतो! म्हणजे भंगारात चाललेली ती किल्ली आमच्या चालू शिक्क्याची होती. ज्याच्या हाती ती पडली असती, त्याला आमचे सोंग घेऊन शेतकऱ्यांसमोर उभे राहता आले असते. आम्ही त्याच दिवशी नवी किल्ली केली, चारही सर्व्हरवर एकेक करून बसवली, प्रत्येकाला स्वतंत्र तपासले आणि मगच जुने प्रमाणपत्र रद्द करवून घेतले.

पुढे हे काम वाढणारच आहे. वेबसाइटच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०२० मध्ये ३९८ दिवसांवर आली. २०२५ मध्ये झालेल्या निर्णयाप्रमाणे मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांवर येईल. इतक्या वेळा हाताने शिक्का बदलणे माणसाला जमणार नाही. ते यंत्राकडेच सोपवावे लागेल. पण यंत्राला सांगायचा क्रम मात्र माणसालाच माहीत हवा.

त्या पाचव्या सर्व्हरची तबकडी मी काढून घेतली आणि तिला ड्रिलने आरपार भोके पाडली. मग नोंदवहीत तारीख, क्रमांक आणि दोघांच्या सह्या. माझ्या हाताखालचा मुलगा हसला. म्हणाला, ‘‘सर, भंगारासाठी एवढे?’’ मी त्याला शेजारच्या काकांचे वाक्य सांगितले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)