बुळकांडी गेली, लम्पी आली. वाट मात्र बाजाराचीच

लम्पीचा विषय निघाला की पारावर हमखास ऐकू येतं, "असले रोग पूर्वी नव्हते." घरातल्या जुन्या माणसांना बुळकांडी विचारून बघा. ताप, तोंडात फोड, हगवण, आणि आठ-दहा दिवसांत दावण रिकामी. तोही विषाणूच होता. त्याच्या धास्तीनेच इंग्रज सरकारने १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा काढली. १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला गेली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच.

१९५४ पासून देशभर बुळकांडीविरुद्ध लसीकरण सुरू झालं. भारतात शेवटची लागण १९९५ मध्ये झाली आणि २०११ मध्ये सगळं जग या रोगातून मुक्त झालं. रामबाण औषध सापडलं म्हणून नाही. रोग यायच्या आधी लस, आणि आजारी जनावराची ये-जा बंद. एवढंच, पण चाळीस वर्षं नेटाने.

आता लम्पी. १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात, पहिल्यांदा दिसला. भारतात २०१९ मध्ये ओडिशात आला. आपल्या राज्यात मोठी लाट उठली ती ऑगस्ट २०२२ मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या चिनावलपासून. सप्टेंबरपर्यंत नगर जिल्ह्यातही गाठी आलेली जनावरं दिसू लागली. लोणी, काष्टी, घोडेगाव, सगळे जनावरांचे बाजार बंद. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली. मेलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार मदत जाहीर झाली. दुभत्या संकरित गाईची किंमत काय असते, ते तुम्हाला सांगायला नको.

आपल्याकडे धोका जास्त का? दुधावर आपली घरं उभी राहिली ती संकरित गाईंमुळे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर मिळून 'फुले त्रिवेणी' तयार केली. या गाई दूध भरपूर देतात, पण पातळ कातडीच्या विदेशी रक्ताला लम्पी जास्त बाधतो. त्यात पावसाळ्यात डास, गोमाशा, गोचीड. दाटीने बांधलेली जनावरं. एकच सुई चार जनावरांना. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे बाजारातून आणलेली गाय त्याच संध्याकाळी दावणीला.

तेव्हा बातमीसाठी गोठे फिरताना मी पहिला प्रश्न हाच विचारायचो, "दादा, शेवटचं जनावर कधी आणलं?" बहुतेक जण तारीख सांगायचे. वेगळं बांधलं होतं का, यावर मात्र गप्प. जागा नाही, मजूर नाही, ही अडचण खोटी नाही. पण माशी उडत येते ती जवळपासची. तालुका ओलांडून विषाणू येतो तो टेम्पोत बसून.

लम्पी माणसाला होत नाही, त्यामुळे दुधाच्या अफवा पसरवू नका. नवीन जनावर २८ दिवस लांब बांधा, भले शेवग्याच्या झाडाखाली का होईना. लस पावसाळ्याआधी घ्या, शेजारच्या गावात गाठी दिसल्यावर नाही. नवी वासरं त्यातून सुटतात, त्यांची नावं वेगळी लिहून ठेवा. आणि येत्या ग्रामसभेत विचारा, गावात जनावरं किती, लस किती जणांना झाली?

पोस्ट डेअरीच्या ग्रुपवर टाका.