पोटापुरतं म्हणजे किती? गोखल्यांचा एक हिशोब

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला पेन्शनीच्या हिशोबात काय काम? काम आहे. ‘आता नोकरी सोडली तर मला परवडेल का’ हा प्रश्न दिसायला गणिताचा आहे. पण त्यातली एक राशी अशी आहे, की ती कुठल्याही गणितातून निघत नाही. ती आधीच हातात असावी लागते. ती कोणती, हे सांगण्यापेक्षा एका माणसाने हा प्रश्न कसा सोडवला ते पाहू. तो माणूस गणिताचाच होता, ही आपली सोय.

गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. जन्म १८६६चा. म्हणजे वय छत्तीस! आपण त्यांना फोटोत पगडी-उपरण्यात पाहतो, म्हणून ते आपल्याला कायम साठीचे वाटतात. सरकारी नोकर त्या काळी पंचावन्नाव्या वर्षी घरी बसे. हा माणूस त्याच्या एकोणीस वर्षं आधी बाहेर पडला.

त्याआधी, साधारण १९०१ च्या सुमारास, फिरोजशहा मेहता वरिष्ठ कायदे कौन्सिलातली जागा सोडणार असं दिसू लागलं. तेव्हा गोखल्यांनी त्यांना एक पत्र लिहिलं. ती जागा मला मिळावी, असा पत्राचा रोख आहे. पण त्यात मध्येच संसाराचा हिशोब येतो. माझ्या अंकगणिताच्या पुस्तकाचे महिन्याला सरासरी सव्वाशे रुपये येतात. कॉलेज तीस रुपये पेन्शन देईल. आयुष्याचा विमा उतरवला आहे आणि काही हजार रुपये शिल्लक आहेत. तेव्हा कुटुंबाच्या गरजेची तजवीज झाली, आता मिळवण्यासाठी काम करण्याची मला गरज नाही, असा त्याचा मथितार्थ. मराठी राजकारणाच्या इतिहासात भाषणं पुष्कळ आहेत. इतका उघड जमाखर्च क्वचितच सापडतो.

आता हे आकडे जरा कुरवाळून पाहू.

सव्वाशे आणि तीस मिळून १५५. वर्षाचे १८६०. हल्लीची तरुण मंडळी म्हणतात, वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पुंजी असेल तर सोडा नोकरी. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला तसा लांबलचक तक्ताच पाठवला होता. त्यात महागाई होती, मुलीचं शिक्षण होतं, फक्त सकाळी उठून करायचं काय, याचा रकाना नव्हता. त्या नियमाने गोखल्यांकडे साडेशेहेचाळीस हजार हवे होते. होते काही हजार! म्हणजे आजचा सल्लागार म्हणेल, राव, अजून दहा-पंधरा वर्षं शिकवा.

पण गोखल्यांचा भरवसा पुंजीवर नव्हता, ओघावर होता. शिवाय ओघ दोन वेगळ्या जातींचे होते. पेन्शन ठरलेली. ती वाढणार नाही, बुडणारही नाही. पुस्तकाचं उत्पन्न शाळांवर अवलंबून. नवं पुस्तक लागलं की आटणार, शाळा वाढल्या तर वाढणार. लवकर मेलो तर विमा आहे. फार जगलो तर पेन्शन आहे. मधल्या वर्षांना पुस्तक. आणि अडीअडचणीला शिल्लक. एकेका जोखमीसमोर एकेक गोष्ट उभी केली आहे. गणित शिकवणाऱ्याचं काम आहे हे, उगीच नाही!

एक गोष्ट मात्र त्यांच्या हिशोबातून सुटली होती. ती कुणाच्याच हिशोबात नव्हती. पुढच्या दहा वर्षांत भाव चढले, इतके की सरकारला १९१० मध्ये दत्त समितीकडे महागाईची चौकशी सोपवावी लागली. त्या महागाईची चौकशी करा म्हणून कौन्सिलात मागणी करणाऱ्यांत स्वतः गोखले होते. तीस रुपयांचे पेन्शनर होते ते; तांदळाचा भाव त्यांना पुस्तकातून कळत नव्हता.

तुलनेला आणखी एक आकडा सांगतो. त्याच काळी सिव्हिल सर्व्हिसमधला साहेब पंचवीस वर्षं भरली की वर्षाला हजार पौंड घेऊन विलायतेला जाई. पंधरा रुपयांचा पौंड धरला तर पंधरा हजार रुपये. गोखल्यांची पेन्शन वर्षाला तीनशे साठ. साहेबही पंचेचाळीस-पन्नाशीतच निवृत्त होत असे बरं का. फरक इतकाच, की त्याची निवृत्ती हिंदुस्थानच्या रयतेला परवडते का, हा प्रश्न त्याला पडायचं कारण नव्हतं. तो प्रश्न गोखल्यांनी १८९७ मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे जाऊन विचारला.

मग १५५ रुपये ‘पुरेसे’ कसे ठरले? इथे मागे जावं लागतं. वडील गेले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा. थोरल्या गोविंदरावांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये धाकट्याला पाठवायला सुरुवात केली. पंधरातले आठ! कोल्हापुरात हा मुलगा त्यात राहिला, हाताने रांधून जेवला. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य झाला, तिथे सुरुवातीच्या काळात पंचाहत्तर रुपये मिळत आणि वीस वर्षांचा शब्द द्यावा लागे. म्हणजे ‘पुरेसं’ म्हणजे किती, हे त्यांनी उत्पन्न वाढल्यावर ठरवलं नाही. ते आधीच ठरलं होतं. पुस्तकाचे सव्वाशे आले तेव्हा ते राहणीत मुरले नाहीत, शिल्लक पडले. मी सुरुवातीला ज्या राशीबद्दल बोललो, ती हीच. तक्ता तुम्हाला सांगेल की अमुक खर्चाला अमुक पुंजी लागते. खर्च अमुकच का, हे तक्ता सांगत नाही.

अर्थात याला एक वाकडी बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. टिळकांनी १८९० मध्ये सोसायटी सोडली, त्या भांडणात एक मुद्दा हाच होता. आजीव सदस्याने आपला सगळा वेळ आणि बाहेरची मिळकत संस्थेलाच द्यावी, असं टिळकांचं म्हणणं. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, त्यावरून ठिणगी पडली. टिळकांचं तत्त्व सोसायटीत टिकलं असतं, तर अंकगणिताचे सव्वाशे रुपये गोखल्यांच्या घरी आलेच नसते आणि छत्तिसाव्या वर्षीची ही मोकळीकही नसती. मी या वादात तत्त्व म्हणून टिळकांच्या बाजूला झुकतो. पण परिणाम पाहिला तर गोखल्यांच्या बाजूला यावं लागतं. टिळकांनाही संस्था सोडल्यावर लॉ क्लास चालवावा लागला, लातूरच्या जिनिंग कारखान्यात भागी घ्यावी लागली. पोट कुणालाच चुकलं नाही.

सोडून गोखल्यांनी केलं काय? निरोप समारंभात त्यांनी समुद्राकाठच्या एका माणसाची गोष्ट सांगितली. टुमदार घर, पिकती शेतं, माणसं, सगळं असलेला, तरी समुद्राने ओढून नेलेला. खरं तर मार्च १९०२ मध्येच ते कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले होते. विषय काय, तर सरकारची शिल्लक! देशात दुष्काळ आणि प्लेग असताना तिजोरीत शिल्लक उरते, ती समृद्धीची खूण नाही, जास्त कर घेतल्याची आहे, हे त्यांनी आकड्यांनी मांडलं. मिठावरचा कर पुढच्याच वर्षी अडीच रुपयांवरून दोन रुपये मणावर आला. सगळं श्रेय एका भाषणाला देऊ नये. पण घरची शिल्लक आणि सरकारची शिल्लक यांत फरक करता येणारा माणूस तिथे बसला होता, हे खरं.

१९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला, तेव्हा सदस्यांची एक शपथ अशी होती, की स्वतःसाठी पैसा मिळवणार नाही, संस्था कुटुंबाची जी सोय करील तीत समाधान मानीन. मला वाटतं, आपला मार्ग दुसऱ्याला चालणार नाही हे त्यांना कळलं होतं. प्रत्येक तरुणाचं अंकगणित काही शाळांना लागत नाही. म्हणून हिशोब एकट्याच्या खांद्यावरून काढून संस्थेवर घातला.

आणि किती वर्षं मिळाली? फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले. अठ्ठेचाळीस वय, मधुमेह. निवृत्तीनंतर साडेबारा वर्षं. पंचावन्नापर्यंत थांबले असते तर एकही मिळालं नसतं.

त्याच कॉलेजात, त्याच गणिताच्या खात्यात, टिळकांच्या जागी १८९१ मध्ये आलेले धोंडो केशव कर्वे. नोकरी तेवीस वर्षं. १९१४ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं जगले. १९६२ मध्ये गेले तेव्हा वय एकशे चार. नोकरीच्या दुपटीहून जास्त निवृत्ती! महिला विद्यापीठ त्या काळातलं. गोखल्यांनी विमा कुटुंबासाठी ठेवला. अण्णांनी आपला विमाही आश्रमाला देऊन टाकला. त्यावर बायांनी, म्हणजे आनंदीबाईंनी, हरकत घेतली होती. मुलांचं काय, असा त्यांचा साधा सवाल होता. गोखल्यांच्या घरी तो विचारायलाही कुणी नव्हतं. पत्नी आधीच वारल्या होत्या. दोन मुली होत्या, लहान. पत्रातल्या ‘कुटुंबाच्या गरजा’ त्या दोघींच्या होत्या, आणि त्या किती, हे वडिलांनी ठरवलं होतं.