घोडबंदरचा घोडा आणि भाईंदरचा अजगर

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक तरुण राहतो. नोकरी कुरिअर कंपनीत, वय तिशीच्या आत. चार वर्षांपूर्वी त्याने आफ्रिकेतल्या अजगरांची एक जोडी विकत घेतली. जोडीला मोजलेले पैसे नव्या मोटारसायकलीएवढे. पुढे कोणी विचारलेच तर तो हसून सांगायचा, ‘काका, लोक एफडी करतात, मी अजगर केलेत. दरवर्षी अंडी, दरवर्षी व्याज.’ या वर्षी गणपती गेल्यावर तो माझ्याकडे आला तेव्हा हसत नव्हता. तशीच पिल्ले आता जुन्या मोबाइलच्या भावात मिळतात आणि तरीही घेणारा घासाघीस करतो. माझ्या बाल्कनीतल्या गॅझेटियरांच्या गठ्ठ्यांकडे बघत त्याने विचारले, ‘तुमच्या या पुस्तकांत असं कधी झाल्याचं आहे का?’

प्रश्न चांगला होता, आणि त्याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागले नाही. आमच्या महापालिकेच्या हद्दीतच घोडबंदर आहे. त्याच्या नावाची उपपत्ती सगळे एकच सांगतात: येथे घोडे उतरत. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून पश्चिम किनाऱ्यावर शेकडो वर्षे घोडे येत राहिले, आणि या व्यापारात ठाण्याचा उल्लेख मार्को पोलोने केला आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो लिहितो, की ठाण्याच्या राजाचे समुद्री चाच्यांशी संगनमत होते. लुटीतले सोने-नाणे चाच्यांनी ठेवावे, घोडे मात्र राजाला द्यावेत, असा करार. सोन्यापेक्षा घोडा हवा, ही त्या काळची बाजारपेठ!

इतका भाव का? त्याचे कारण पोलोच दुसऱ्या ठिकाणी देतो. दक्षिणेतल्या माबरच्या राज्यात, म्हणजे पांड्यांच्या मुलखात, वर्षाला हजारोंनी घोडे विकत घेतले जात आणि वर्ष संपेपर्यंत त्यातले थोडेच जगत. हवा मानवत नसे, खाणे चुकीचे दिले जाई, नाल ठोकणारे कारागीर नसत. पोलो पुढे सांगतो, की हे कारागीर तिकडे जाऊ नयेत याची खबरदारी घोड्यांचे व्यापारीच घेत. घोडे मरत राहिले तरच पुढल्या वर्षी नवे विकले जाणार. त्यात पोलोची अतिशयोक्ती असेल, पण व्यापाराचे सूत्र त्याने अचूक पकडले आहे. गिऱ्हाइकाला माल मिळतो, माल निर्माण करण्याची विद्या मिळत नाही. म्हणून भाव टिकतो.

पुढे पोर्तुगीजांनीही घोड्यांच्या व्यापारावर आपली पकड बसवली आणि गोव्याला त्यातून मोठे जकातीचे उत्पन्न मिळाले. घोडबंदरचा किल्लाही त्यांच्याच ताब्यात होता. १७३७ साली, वसईच्या मोहिमेत, तो मराठ्यांनी घेतला. त्या मराठ्यांच्या स्वारांखाली मात्र बहुतेक करून भीमथडीचे तट्टू होते. ते गलबतातून उतरलेले नव्हते, ते भीमेच्या खोऱ्यात वाढलेले होते. आपल्याकडे घोड्यांची पैदास होऊ शकते हे दख्खनने सिद्ध केले, तरीही घोड्याचा भाव मातीमोल झाला नाही. का झाला नाही, हे नीट पाहण्यासारखे आहे. घोडा कामाला लागत होता. मोहिमेत तो मरत होता, थकत होता, लंगडा होत होता. पैदास जितकी होई तितकी खपत होती.

हे मी त्या तरुणाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘माझा अजगर कुठे कामाला लागतोय?’ नेमके तेच.

मूळ विषयाकडे येण्याआधी सरपटणाऱ्या प्राण्याला भाव लागल्याचे आपल्याच किनाऱ्यावरचे एक उदाहरण सांगतो. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशाच्या दंशाने माणसे मरत, म्हणून इंग्रज सरकारने मेलेल्या फुरशामागे बक्षीस ठेवले. सर्पविषयक ग्रंथांत एक आकडा पुन्हा पुन्हा येतो: सहा वर्षांत, दरवर्षी सरासरी २,२५,७२१ फुरशी. दरवर्षी सव्वादोन लाख साप एका जिल्ह्यातून, आणि फुरसे काही संपले नाही. देवगडच्या कातळावर ते आजही आहे. फुरसे अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, आणि दगडाखाली राहते. सरकारी तिजोरीतून माणशी चार पैसे मिळाले, एवढाच त्याचा परिणाम.

या ठिकाणी काही वाचक दिल्लीच्या नागांची गोष्ट आठवतील: इंग्रजांनी बक्षीस लावले म्हणून लोकांनी नाग पाळून वाढवले, बक्षीस बंद झाल्यावर सोडून दिले. होर्स्ट सीबर्ट नावाच्या जर्मन अर्थतज्ज्ञाने २००१ साली आपल्या पुस्तकाचे नावच त्यावरून ठेवले. ही गोष्ट कागदापेक्षा सांगण्यातच जास्त टिकून आहे, म्हणून मी ती पुरावा म्हणून वापरत नाही. शेवटचे वाक्य मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. भाव गेल्यावर जनावराचे काय होते?

रत्नागिरीच्या फुरशाला पुढे दुसरा भाव आला, आणि तो जिवंतपणी. परळची हाफकिन संस्था प्रतिविष तयार करण्यासाठी विष काढू लागली, तेव्हा कोकणातून साप पुरवणारे लोक होते. तिकडे मद्रासकडे, १९७६ साली सापाच्या कातड्याच्या निर्यातीवर बंदी आल्यावर, ज्या इरुळांचे पोट साप पकडण्यावर होते त्यांची १९७८ साली सहकारी संस्था उभी राहिली. ती साप पकडून विष काढते आणि साप पुन्हा सोडते. या दोन्ही ठिकाणी सापाला किंमत आहे ती त्याच्या विषामुळे, आणि विषाला किंमत आहे ती दंश झालेल्या माणसामुळे. मागणी खरी आहे. म्हणून भाव चढउतार करतो, पण कोसळत नाही.

आता अजगराकडे. शेजारच्या पोराने घेतलेला, ज्याला बाजारात बॉल पायथन म्हणतात, तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहानखुरा अजगर. घाबरला की डोके मध्ये घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करतो, म्हणून हे नाव. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून तो गेल्या शतकाच्या अखेरीस प्रचंड संख्येने अमेरिका-युरोपला गेला. गाभण माद्या पकडायच्या, अंडी उबवायची, पिल्ले विमानाने पाठवायची. असा साधा, तपकिरी, ठिपक्यांचा अजगर तेव्हाही स्वस्तच होता.

महाग झाले ते वेगळ्या रंगाचे. १९९२ साली अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी बंदिवासात पहिली पांढरी-पिवळी, लाल डोळ्यांची अल्बिनो पिल्ले काढली. त्यांची एकेकाची किंमत हजारो डॉलर होती. काही वर्षांनी पांढऱ्या-तपकिरी पट्ट्यांची पायबॉल्ड जात आली, तीही तशीच. १९९९ साली आली कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असलेली स्पायडर. या रंगप्रकारांना ‘मॉर्फ’ म्हणतात. एका मॉर्फवर दुसरा चढवून हजारो नवे प्रकार केले गेले, आणि प्रत्येकाला एक नाव आणि एक भाव.

अल्बिनोचा गुण लपून राहणारा आहे. अल्बिनो आणि साधा यांची पिल्ले दिसायला सगळी साधीच, पण प्रत्येकात तो गुण दडलेला. अशा दोघांची जोडी लावली, की चारांतले साधारण एक अल्बिनो निघते. म्हणजे ज्याने एक अल्बिनो विकत घेतला तो नुसता शौकीन राहत नाही. धीर धरला तर काही वर्षांत तोही विक्रेता होतो. मादी तीनेक वर्षांची झाली की अंडी देते, एका खेपेला साधारण चार ते आठ. घोड्याचा व्यापारी ज्या विद्येची चोरून राखण करत होता, ती इथे मालाच्या पोटातच बांधून दिलेली आहे. पहिला खरेदीदार महाग घेतो, दुसऱ्या वर्गातले त्याच्याकडून थोडे स्वस्त घेतात, तिसरे आणखी स्वस्त, आणि प्रत्येक पायरीवर विकणारे वाढतात, घेणारे त्या प्रमाणात वाढत नाहीत. मग एके दिवशी लक्षात येते की घेणारे बहुतेक सगळे विकण्यासाठीच घेत होते. अमेरिकेत आज जो अल्बिनो शंभर-दोनशे डॉलरना मिळतो, तो काही वाईट प्रतीचा नाही. तेच रक्त आहे.

आणि हे फक्त अजगरापुरते नाही. न्यू कॅलेडोनियातली क्रेस्टेड गेको ही पाल नामशेष झाली असे मानले जात होते. १९९४ साली ती पुन्हा सापडली, आणि प्रारंभी संग्राहकांनी तिच्यासाठी भरमसाट पैसे मोजले. आज ती जगातल्या सर्वांत सोप्या, स्वस्त पाळीव पालींपैकी एक आहे. पाळणाऱ्याच्या दृष्टीने हे चांगलेच म्हणायचे. रानातून पकडायची गरज उरली नाही. भाव पडणे म्हणजे नेहमीच आपत्ती नव्हे, हेही मी नोंदवून ठेवतो. ज्याने गुंतवणूक म्हणून घेतली, आपत्ती त्याची.

स्पर्धेचा दुसरा परिणाम मात्र चांगला म्हणता येत नाही. स्पायडर मॉर्फच्या अजगरात डोके डोलते, तोल जातो, काहींना भक्ष्य नीट पकडता येत नाही. हा दोष त्या नक्षीच्या गुणाबरोबरच येतो, वेगळा काढता येत नाही. तरी दोन दशके तो पैदाशीत राहिला, कारण नक्षी विकली जात होती.

भारतात हा बाजार वेगळ्या वाटेने आला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला धामण, आपला अजगर, आपले चांदणी कासव पाळण्यावर बंदी आली. १९९०-९१मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली, तेव्हा क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारांचा ओढा परदेशी जिवांकडे वाढला. ‘परदेशी आहे, चालतं,’ हे वाक्य मी तेथे कित्येकदा ऐकले आहे. आयातीला परवाने लागत, पण एकदा घरात आलेल्या जनावराची नोंद कुठेच नव्हती. जून २०२०मध्ये केंद्र सरकारने सवलत दिली: सहा महिन्यांत स्वेच्छेने जाहीर करा, कागदपत्रे विचारणार नाही. तीस हजारांहून अधिक लोकांनी आपल्याकडचे परदेशी प्राणी जाहीर केले. त्याच टाळेबंदीच्या काळात घरात अडकलेल्या लोकांनी जगभर पाळीव प्राणी घेतले आणि भाव चढले. आमच्या पोराने अजगर घेतले ते याच लाटेच्या शेवटी.

मग २०२२ची कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींसाठी चौथी अनुसूची आली. फेब्रुवारी २०२४मध्ये नोंदणीचे नियम निघाले, आणि ऑगस्टअखेरपर्यंत परिवेश संकेतस्थळावर नोंद करायची मुदत मिळाली. नोंद, जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळे कळवायचे. माझे मत विचाराल तर हे वीस वर्षे आधी व्हायला हवे होते. पण त्याचा बाजारावरचा परिणाम दुहेरी झाला असणार. ज्यांना कागद नको होता त्यांनी माल काढून टाकला, आणि ज्यांनी कागद केला त्यांना गिऱ्हाईक मिळेना.

बेकायदा दार मात्र उघडेच आहे. ३१ मे २०२५च्या सुमारास मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात कोळ्यासारख्या शेपटीचे तीन शिंगी फुरशांसारखे साप, पाच पानकासवे आणि इंडोनेशियातले चव्वेचाळीस हिरवे विषारी साप सापडले. आपले चांदणी कासव उलट दिशेने जाते. २०१९ साली त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारात सर्वोच्च संरक्षण मिळाले, तरी ते जाते. जिथे पैदास सोपी, तिथे भाव कोसळला. म्हणून ज्याची पैदास होत नाही असे दुर्मीळ जनावर रानातून आणण्याकडे हाव वळते.

आणि खर्च? बॉल पायथनला ऊब लागते, आठ-पंधरा दिवसांनी उंदीर लागतो, पेटी स्वच्छ लागते, आणि सर्पवैद्य मीरा-भाईंदरमध्ये शोधावा लागतो. बंदिवासात तो वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२०मध्ये अंडी घातली तेव्हा ती बासष्ट वर्षांहून मोठी होती, आणि पंधरा वर्षांहून जास्त काळ तिच्याजवळ नर नव्हता. म्हणजे ज्याची किंमत चार वर्षांत उतरते, त्याची जबाबदारी चाळीस वर्षे चालू शकते. पूर्वी नाण्याएवढे, लाल कानाचे अमेरिकन कासव विकत घेणाऱ्यांचे असेच झाले. ते ताटाएवढे झाले, आणि मुंबई-पुण्याच्या तळ्यांत सोडले गेले. आज ते आपल्या देशी कासवांच्या जागा बळकावते. अजगर नदीकाठी सोडला तर तो बहुधा उपाशीच मरेल, कारण तो आयुष्यभर पेटीत वाढलेला आहे. आणि सोडणे गुन्हा आहे, हेही या निमित्ताने सांगून ठेवतो.

त्या तरुणाची मादी या वर्षी सहा अंडी घालून बसली. ती अंड्यांभोवती गुंडाळी करते, तोंड मिटून, आठवडेच्या आठवडे. तो मला बोलावून दाखवायला घेऊन गेला. पेटीचा दिवा लाल होता, खोली उबदार होती, बाहेर भाईंदरच्या खाडीवरून वारा येत होता. मी त्याला पोलोचे व्यापारी सांगितले होते, म्हणून तो म्हणाला, ‘काका, मला नालबंद नको आहेत असं नाही. मला फक्त गिऱ्हाईक कमी आणि अजगर जास्त झालेत.’

मग त्याने उबवणीची पेटी बंद केली, अंडी काढून डीप फ्रीजरमध्ये ठेवली, आणि मादीला पाण्याने हलके धुऊन परत आत सोडले. नोंदणीच्या कागदावर जोडीचीच नोंद आहे, ती तशीच राहील, असे तो म्हणाला. उंदरांचे पैसे या महिन्यात त्याने ओव्हरटाइममधून दिले.