नीरेच्या पाटानं दिलं काय, नेलं काय

परवा पाण्याची पाळी नव्हती, म्हणून गाडी काढली आणि आपल्या पाटाचं मूळ बघून आलो. आधी वीर, मग भाटघर.

१८७६-७७ चा दुष्काळ या पट्ट्यानं लय सोसला. त्यानंतर इंग्रज सरकारनं नीरा डावा कालवा काढला, १८८५ ला पाणी सुटलं. साठवण भाटघरला, वेळवंडी नदीवर. पहिलं व्हाइटिंग धरण अपुरं पडलं, म्हणून त्याच्या खालच्या अंगाला मोठं लॉइड धरण बांधलं, ते १९२८ ला पूर्ण झालं. दगडी बांधकाम आणि आपोआप उघडणारे दरवाजे आजही बघण्यासारखे आहेत.

पण भिंतीवर उभं राहून मला आठवलं ते आमचं नाल्याकडचं दोन एकर. उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटतं, ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. आजोबा म्हणायचे, "रान रुसलंय." रान रुसलेलं नव्हतं, आम्हीच त्याला बुडवलं होतं.

आणि हे दुखणं काही आजचं नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली ती १९१० साली! म्हणजे पाट सुरू होऊन जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. त्याच सुमाराला विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली: ठरलेल्या क्षेत्रातच पाणी, आणि उसाबरोबर दुसऱ्या पिकांची फेरपालट.

गणित साधं आहे. भारी काळ्या रानात पाणी खाली मुरतं, पण बाहेर निघत नाही. जमिनीतली पाणीपातळी वर येते, सोबत क्षार आणते. उन्हानं पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. सरकारनं पाट दिला. निचरा मात्र आपण मनावर घेतला नाही.

पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा फुले २६५ अशा रानात तग धरतो, पण वाण बदलून पाणी बाहेर निघत नाही. त्यामुळं यंदा आधी माती तपासून घेणार, मग नाल्यापर्यंत चर काढणार आणि पाळीला पाणी बेतानं देणार.

तुमच्या रानात एप्रिलमध्ये पाच फूट खड्डा घेऊन बघा. पाणी लागलं, तर ऊस लावायच्या आधी चर काढा.